ताईंचं ‘हं’

‘मी कोणाला काही सांगत नाही. मी फक्त ऐकते.’

पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक माणसाला ताई हे वाक्य ऐकवत आणि मग पाण्याचा ग्लास पुढे करत. वाक्य खरं आहे असं त्यांना मनापासून वाटे. शहरात मन:शांतीची वाट दाखवणाऱ्यांचा तुटवडा नव्हता. कोणी श्वास मोजायला लावी, कोणी मागचा जन्म सांगून मोकळा होई, कोणाच्या भिंतीवर स्वतःचाच दारापेक्षा मोठा फोटो असे. ताईंच्या खोलीत असलं काही नव्हतं. शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, समोरासमोर दोन लाकडी खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर पाण्याचा जग. लोक जिन्यात पायऱ्यांवर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत, त्यामुळे त्यांना ‘जिन्यावरच्या ताई’ हे नाव पडलं होतं. खालचा शिंपी गिऱ्हाइकांना सांगे, ‘वर ताई उसवतात, खाली मी शिवतो. दोघांचं बरं चाललंय.’

ताई पैसे घेत नसत. सरकारी दवाखान्याचं पेन्शन त्यांना पुरत होतं.

त्यांची पद्धत साधी होती. आलेल्या माणसाने आधी थोडा वेळ गप्प बसायचं. मग आपला गुंता एकदा सांगायचा. मग डोळे मिटून तोच पुन्हा सांगायचा, आणि पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणूस शब्दांना कंटाळतो, सजावट गळून पडते आणि त्याच्याच तोंडून एखादं वाक्य असं निघतं की तो स्वतःच दचकतो. मग ताई म्हणत, ‘हे तुमचंच आहे. घेऊन जा.’ लोक जिना उतरताना हलके झालेले दिसत. कोणाला काय करायचं ते ताईंनी सांगितलं, असा एकही माणूस शहरात सापडला नसता. याचा त्यांना अभिमान होता. वरवर साधा, पण चांगला खोल मुरलेला.

ऐकण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. दवाखान्यात त्या कान तपासायच्या. जाड स्पंजाच्या भिंतींची एक बारकी खोली, तिला काचेची खिडकी. आत हेडफोन लावून बसलेला माणूस, बाहेर यंत्रापाशी ताई. त्या बटण दाबत, हेडफोनमध्ये बारीकसा आवाज होई, आणि तो ऐकू आला की माणसाने बोट वर करायचं. काम सोपं वाटे, पण त्यात एक मेख होती. माणसाला बरोबर उत्तर द्यायचं असतं, मग ऐकू येवो वा न येवो. आवाज पोचला नाही तर तो तपासणाऱ्याकडे पाहू लागतो. खांदा हलला, पापणी लवली, की बोट वर. एकदा खात्यात आलेल्या नव्या बाईची बटण दाबताना भुवई उडायची. तिला पत्ता नव्हता, आणि समोरचे ठार बहिरे लोक फटाफट बोटं वर करत होते. ताईंच्या लक्षात आलं तेव्हा तिने तपासलेल्या साऱ्यांना परत बोलवावं लागलं. ताईंनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. ‘तुझ्या भुवईची तपासणी झाली, कानांची नाही,’ असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य खात्यात बरीच वर्षं फिरत राहिलं.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. घरात सासरे होते, त्यांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवलं होतं. त्याच सुमाराला दवाखान्याने ताईंना राजधानीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरवलं. तिथे शिकायचं आणि परत येऊन खातं चालवायचं. त्यांनी नकार दिला. सासऱ्यांची मुलगी, म्हणजे ताईंची नणंद, त्या वेळी पुढे आली होती. ‘बाबांना मी नेते, तू जा,’ असं म्हणाली होती. त्यावरून दोघींचं कडाक्याचं वाजलं. ‘मामंजी याच घरात राहतील,’ असं ताईंनी निक्षून सांगितलं. ते राहिले. दहा-बारा वर्षं ताईंनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. खातं दुसऱ्या कोणीतरी चालवलं. सगळं शहर ताईंना नावाजत होतं. नणंद मात्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

सासरे गेल्यावर घर फार शांत झालं. त्या काळात ताई संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसू लागल्या. तिथले म्हातारे ग्रंथपाल बंद करायच्या वेळेआधी चार-पाच जणांना घेऊन मौनात बसत. गुरू म्हटलं की ते वैतागत. त्यांनीच ताईंना ही पद्धत शिकवली, आणि पुढे लोक ताईंकडे येऊ लागले तेव्हा एकच गोष्ट बजावली. ‘दार उघडण्याआधी स्वतःला विचारायचं, आज मला यातून काय हवंय? काही नको असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारायचं.’

ताईंनी ते बरीच वर्षं पाळलं. पुढे पुढे दुसऱ्यांदा विचारणं राहून गेलं. नंतर पहिल्यांदा विचारणंही पायपुसण्यावर पाय घासावे तसं होऊन गेलं.

नणंद दोन वर्षांपूर्वी राहायला आली. मुलाच्या घरी सुनेशी जमेना. एक दिवस बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘वहिनी, तुझ्याकडे माणसं सांभाळायची हौस आहे असं ऐकलंय.’ ताईंनी बॅग आत घेतली. दोघींनी जुना विषय काढला नाही. ताई तिला अजूनही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीसारखं ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’च म्हणत. आणि ती धाकटी असूनही ताईंना ‘तू’ म्हणे.

नणंदेचे कान गेले होते. पूर्ण नव्हे. बारीक, टोकदार आवाज तिला लागत नसत, जाड आवाज लागत. बोलणं तिला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येई, सूर कळे पण शब्द निसटत. ताईंनी तिला यंत्र आणून दिलं होतं, ते तिने कपाटात ठेवून दिलं. ‘ते घातलं की तुझे उपदेश ऐकू येतात,’ असं तिचं म्हणणं होतं. ती बहिरी असल्यामुळेच ताईंना एक सोय झाली होती. बैठक चालू असताना नणंद पलीकडे स्वयंपाकघरात बसली तरी कोणाचं गुपित फुटण्याची भीती नव्हती. मधली भिंत पातळ होती, पण तिला त्यातून शब्द कळत नव्हते.

*

त्या वर्षी येणाऱ्यांमध्ये गणिताच्या बाई होत्या. पंचेचाळिशी ओलांडलेली, शाळेत दरारा असलेली बाई. दुःखसुद्धा ती क्रमांक घालून सांगे. एक, आई. दोन, ते. ‘ते’ म्हणजे एक छापखानेवाले, शेजारच्या गावी राहणारे विधुर. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे छापायला जात. एकदा त्यांचा फोन आला होता, ‘बाई, चौथ्या गणितातली टाकी रिकामी होतच नाहीये. नळ उघडायचा विसरलात की काय?’ बाईंनी पाहिलं तर एक आकडा खरोखर चुकला होता. तेव्हापासून फोन वाढत गेले. आता त्यांनी लग्नाचं विचारलं होतं. छापखाना सोडून येणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणजे बाईंनाच तिकडे जावं लागणार होतं. आणि घरी आई होती, गुडघ्यांनी अडलेली, बाईंशिवाय दुसरं कोणी नसलेली.

पाच-सहा बैठका झाल्या. त्या दिवशी बाई आल्या त्या ठरवूनच. डोळे मिटून त्यांनी शेवटचं एकदा सगळं सांगितलं. टाकीची गोष्टही पुन्हा सांगितली. मग आवाज खाली आला आणि त्या म्हणाल्या की आईला सोडून जाणं त्यांच्याने व्हायचं नाही.

‘हं,’ ताई म्हणाल्या.

बाईंनी डोळे उघडले. चेहरा शांत होता, ताप उतरलेल्या माणसासारखा. ‘उत्तर मिळालं, ताई. आतून आलं. रविवारी ते येणार आहेत, तेव्हा नाही म्हणून सांगते.’

‘हे तुमचंच आहे,’ ताई म्हणाल्या. ‘घेऊन जा.’

दुपारी जेवताना नणंदेने सहज विचारलं, ‘आज खूश दिसतेस. ती गणिताची बाई वळणावर आली वाटतं?’

ताईंनी चमकून पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, ‘तुम्हाला काय ऐकू आलं?’

‘मला शब्द कुठे कळतात? पण भिंतीतून सूर येतो. इतक्या वेळा आली, आता पाठ झालाय मला. तिचा आवाज हसायला लागला की तू मेल्यासारखी गप्प. आवाज खाली बसला, ती आई म्हणाली, की तुझं हं. आई हा शब्द तेवढा बहिऱ्यालाही ऐकू येतो बघ.’

‘काहीतरीच.’

‘काहीतरीच कसं? बेकरीवाल्याचंही तेच. रडका सूर लागला की हं. मला वाटलं तुमच्या त्या विद्येत असंच असतं.’ आणि तिने मीठ मागितलं.

ताईंनी मीठ दिलं. बहिऱ्या माणसाच्या बोलण्याकडे किती लक्ष द्यायचं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुपारनंतर बेकरीवाल्याची पाळी होती. भावाबरोबर एकच भट्टी, एकच गल्ला, आणि रोजची धुसफूस. वेगळं व्हावं की नाही, हा त्याचा प्रश्न जुना होता. तरीही ताईंनी त्या दिवशी ठरवलं की फक्त स्वतःच्या घशाकडे लक्ष ठेवायचं. बेकरीवाला डोळे मिटून बोलत राहिला. नव्या दुकानाची जागा, दारात येणारं ऊन, स्वतःच्या हाताने लावायची पाटी. ताईंच्या घशात काही हललं नाही. मग तो म्हणाला, ‘पण भावाला टाकून कसं जाऊ?’

आणि ते आलं. छातीतून वर, घशाच्या खड्ड्यापर्यंत. ताईंनी दातांत जीभ धरली. ‘हं’ आतच राहिलं.

बेकरीवाला थांबला. मिटल्या डोळ्यांनी वाट पाहत राहिला. मान किंचित कलती झाली, हेडफोनमधला आवाज येतोय का हे शोधणाऱ्या माणसाची होते तशी. काही आलं नाही. मग त्याने एक डोळा उघडून ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

‘बरोबर आहे ना, ताई?’ तो म्हणाला.

असा डोळा ताईंनी काचेपलीकडे अनेकदा पाहिला होता. तो कशासाठी उघडतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी बेकरीवाल्याला आज इथेच थांबू म्हणून सांगितलं. जिन्यात बसलेल्या बाकीच्यांनाही घरी पाठवलं, डोकं दुखतंय असं कारण देऊन. दुखत नव्हतं.

मग त्या येणाऱ्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. भुवई असती तर आरशात तरी दिसली असती. ‘हं’ला आरसा नसतो. किती जण आले, किती जण गेले. नवऱ्याकडे परतलेल्या, नोकरी न सोडलेले, घर न विकलेले. सगळ्यांना उत्तर आतून आलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक उत्तर राहण्याचं होतं. जाण्याचं उत्तर घेऊन कोण उठलं होतं, ते ताईंना आठवेना.

का, याचा शोध फार लांब जाऊन घ्यावा लागला नाही. त्या स्वतः राहिल्या होत्या. राजधानीला गेल्या नाहीत, खातं मिळालं नाही, मामंजींच्या उशाशी त्यांचे केस पिकले. ते बरोबर होतं, दुसरं काही करणं शक्यच नव्हतं, असं त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. शहराने नावाजलं, पण नावाजणं वेगळं. त्यांना साक्ष हवी होती. एकेक माणूस त्या खुर्चीत बसून ‘मी राहतो’ म्हणे, आणि त्यांच्या बाजूने एक साक्ष वाढे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी फोन उचलला. आपणहून त्यांनी आजवर कोणाला फोन केला नव्हता, तो त्यांचा नियम होता. नंबर फिरवण्याआधी त्यांनी ग्रंथपालांचा प्रश्न स्वतःला विचारला. आज मला यातून काय हवंय? काही नको, बाईंचं भलं व्हावं, असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा आलं, मला सुटायचंय.

म्हणजे हा फोनसुद्धा निर्मळ नव्हता. बाईंना बोलावून, सगळं सांगून, हात धुवून मोकळं व्हायचं होतं. ताई बराच वेळ रिसीव्हर हातात घेऊन बसल्या. मग त्यांनी ठरवलं की निर्मळ होण्याची वाट पाहत बसलं तर रविवार उलटून जाईल. त्यांनी फोन लावला.

बाई शाळा सुटल्यावर आल्या, बोटांना खडू तसाच. ताईंनी पाण्याचा ग्लास दिला नाही की नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. जे कळलं होतं ते सरळ सांगून टाकलं, दवाखान्यातल्या भुवईसकट.

बाईंनी शिक्षिकेसारखंच ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘किती वेळा म्हणालात हं?’

‘मोजलं नाही.’

‘मग तुम्हाला कळलं कसं?’

नणंदेचं नाव घ्यावंच लागलं. बाईंचा चेहरा बदलला. ‘म्हणजे पलीकडे कोणीतरी ऐकत होतं.’

‘त्यांना शब्द ऐकू येत नाहीत. फक्त सूर येतो.’

‘सूरच तर सगळं असतं, ताई.’

ताई म्हणाल्या, ‘मी सासऱ्यांसाठी राहिले. ते बरोबर होतं असं मला ऐकायचं होतं. ते मी तुमच्या तोंडून ऐकलं. एवढंच सांगायला बोलावलं.’

‘एवढंच?’ बाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. ‘मी काल रात्री शांत झोपले. पहिल्यांदाच. आता तुम्ही सांगता ते माझं नव्हतंच. मग माझं काय होतं? मी जाऊ का त्यांच्याकडे? तसं म्हणायचंय का तुम्हाला?’

जा म्हणणं हेही ‘हं’च होतं, फक्त उलट्या बाजूचं. केलेल्या चुकीची भरपाई म्हणून बाईंना लग्नाकडे ढकलणं किती सोपं होतं, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आपल्या चेहऱ्यावर काय आहे याची त्यांना खात्री राहिली नव्हती.

‘आता तरी हं म्हणा,’ बाई म्हणाल्या. ‘कशाला तरी म्हणा.’

ताई उठल्या. त्यांनी बाईंची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली. ‘चालणार असेल तर अशा बसा. मी दिसणार नाही. आवाजही करणार नाही. नको असेल तर घरी जा, मला राग येणार नाही.’

बाई उभ्याच राहिल्या. मग एखाद्या हट्टी विद्यार्थ्याच्या नाकावर टिच्चून बसावं तशा बसल्या. ताई आपल्या खुर्चीत गेल्या आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. खाली शिंप्याचं यंत्र चालत होतं, थांबत होतं.

बाईंनी सुरुवात केली, एक, आई. दोन, ते. आणि अडकल्या. पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्या वाट पाहत आणि काही येत नाही म्हटल्यावर पुढे जात. हळूहळू ते थांबणं कमी झालं. मग त्या म्हणाल्या, ‘काहीच येत नाहीये आतून.’ त्यानंतर बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. ताईंना पाठ दिसत होती आणि अंबाड्यातून सुटलेली एक बट. काहीतरी बोलावं, निदान खाकरावं, असं त्यांना इतकं वाटलं की त्यांनी खुर्चीचे हात धरून ठेवले.

‘मी आईला विचारलंच नाही,’ बाई भिंतीला म्हणाल्या. ‘त्यांनी मला विचारलं, मी तुम्हाला विचारलं. आईला सांगितलंसुद्धा नाही. ती कोसळेल असं मीच ठरवून टाकलं. माझ्या आईला मी एक बाजू समजत होते. समीकरणाची.’

त्यांनी स्वतःच खुर्ची फिरवली. राग गेला नव्हता, पण तो आता दुसऱ्या कामाला लागल्यासारखा दिसत होता. पर्स उचलताना त्या थांबल्या.

‘तुम्ही विचारलं होतं? सासऱ्यांना?’

‘नाही,’ ताई म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या.

*

त्यानंतर ताईंनी येणाऱ्यांची खुर्ची भिंतीकडेच ठेवली. लोकांना ते रुचलं नाही. ताई आता काही बोलत नाहीत, ‘हं’सुद्धा म्हणत नाहीत, मग जायचं कशाला, अशी कुजबुज झाली. बेकरीवाला दोनदा भिंतीशी बोलला आणि मग ‘भिंत तर माझ्या घरीही आहे’ म्हणून यायचा थांबला. जिन्यातली गर्दी रोडावली. ‘ताईंचा धंदा बसला की काय?’ असं शिंप्याने काळजीनेच विचारलं. ज्यांची उत्तरं फार पूर्वीच दिली गेली होती त्यांना परत बोलावण्याची सोय नव्हती. दवाखान्यात ती असे.

गणिताच्या बाई काही आठवड्यांनी आल्या, पण बसल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहूनच त्यांनी हकीकत सांगितली. रविवारी छापखानेवाल्यांना त्यांनी उत्तर दिलं नाही, थोडं थांबा म्हणाल्या. आईला सगळं सांगितलं. आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने विचारलं, ‘त्याच्या घराला जिना आहे का?’ जिना होता. छापखाना खाली, घर वर. आता छापखानेवाले मागच्या कागदाच्या गोदामाची खोली करता येईल का ते बघत होते, आणि आई रोज फोनवर त्यांना खिडकी कुठे हवी ते सांगत होती.

‘लग्न होईल असं दिसतंय,’ बाई म्हणाल्या. ‘अजून नक्की नाही. आईचं आणि त्यांचं संडासाच्या जागेवरून वाजलंय.’

ताईंना खूप काही म्हणावंसं वाटलं. त्या गप्प राहिल्या, आणि चेहराही त्यांनी जमेल तेवढा कोरा ठेवला. बाईंना ते दिसलं असावं. ‘आता आनंद झाला तर दाखवायला हरकत नाही,’ असं कोरडेपणाने म्हणून त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

ताई तशाच दारात उभ्या होत्या. जिन्यात तिघं-चौघं बसले होते. पहिल्याला आत घ्यायचं सोडून त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नणंद मटार सोलत होती. बाईंनी जाता जाता विचारलेला तो प्रश्न इतके दिवस ताईंच्या मागे होता, आणि त्याचं उत्तर ज्या एका माणसाकडे असण्याची शक्यता होती ते माणूस रोज याच टेबलापाशी बसून मीठ मागत होतं.

‘वन्सं, मामंजींना तुमच्याकडे यायचं होतं का?’

‘काय?’

‘मामंजींना,’ ताईंनी आवाज चढवला, ‘तुमच्याकडे यायचं होतं का?’

‘कोणाला काय हवंय?’

ताईंनी जिन्याकडे पाहिलं. दार उघडं होतं. मग त्यांनी ओरडून विचारलं, असं की खाली शिंप्याचं यंत्रही थांबलं. ‘तुमच्या बाबांना! तुमच्या घरी! यायचं होतं का?’

नणंदेचे हात शेंगेवर थांबले. तिने वर पाहिलं. एवढ्या वर्षांत ती प्रथमच गोंधळलेली दिसली.

‘मला काय माहीत?’ ती म्हणाली. ‘मी तुझ्याशी भांडत होते. त्यांना विचारायला वेळ कुठे होता?’

‘त्यांना बोलता येत होतं. तेव्हा अजून येत होतं.’

‘येत होतं की,’ नणंद म्हणाली. ‘शेवटपर्यंत थोडं थोडं येत होतं.’

ताईंनी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. मग त्यांनी नणंदेच्या कानाशी वाकून विचारलं की ती भेटायला यायची आणि ताई दवाखान्यात असायच्या तेव्हा ते काय बोलायचे. नणंदेने आधी खांदे उडवले. मग बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात तिने सुरुवात केली. बाबा तिला खिडकी उघडायला लावायचे आणि रस्त्यावर कोण चाललंय ते विचारायचे. ताई येण्याच्या वेळेला मात्र बंद कर म्हणायचे, कारण त्यांना सर्दी होईल म्हणून ताई रागवायच्या. एकदा त्यांनी विचारलं होतं की राजधानीच्या त्या नोकरीचं पुढे काय झालं.

‘मग? तुम्ही काय सांगितलं?’

‘सांगितलं, ती गेली नाही. तर म्हणाले, का?’

नणंद मटार सोलत बोलत राहिली. ताईंना तिची काही वाक्यं पुन्हा सांगायला लावावी लागली, आणि त्या दिवशी जिन्यातल्या माणसांना बराच वेळ थांबावं लागलं.